पिंप भरेपर्यंत, जाहिराती संपेपर्यंत



मागील महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. पत्र एका भगिनीचे आहे. त्या घरी शिवणकाम करतात, यजमान रेल्वेत आहेत, दोन मुले शाळेत जातात. सात-आठ तास मशीनवर वाकून त्यांची कंबर धरते. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज थोडा व्यायाम करा म्हणून सांगितले. भगिनींनी टी.व्ही.वर पाहून घरीच चार आसने सुरू केली. तर यजमान हसतात, सासूबाई म्हणतात, "घरात कामे काय थोडी आहेत?" आणि शेजारीण म्हणते, "योग-बिग हे आपले नव्हे." त्यात संध्याकाळी टी.व्ही.वरून मुलांची रोज मारामारी. शेवटी त्यांनी विचारले आहे की, आसने सोडून देऊ का, आणि टी.व्ही. विकून टाकू का?

आम्ही पडलो कारकून. शेरा आधी मारायचा आणि कारणे मागून लिहायची, ही आमची सवय. तेव्हा शेरा असा : दोन्ही ठेवावे.

आता कारणे. आमचे घर कल्याण पूर्वेला, साडेतीनशे चौरस फुटांचे. आमची आई, आम्ही उभयता, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा अशी पाच माणसे. नळाला पाणी पहाटे सव्वापाचला येते आणि पावणेसहाच्या सुमारास जाते. दोनशे लिटरचे पिंप भरायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. ही वीस मिनिटे घरातल्या बाईने पिंपाशेजारी डोळे चोळत उभे राहून काढायची, असा सगळ्या चाळीचा रिवाज. आमच्या सहचारिणी अंगणवाडी सेविका आहेत. दिवसभर पोरांना उचलणे, आहार वाटणे, रजिस्टरे भरणे, आणि २०२१ पासून तीच माहिती पुन्हा मोबाइलमध्ये भरणे. संध्याकाळी त्यांची पाठ लाकडासारखी होई. चार वर्षांपूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. पाइप पिंपात सोडला की पलंग आणि टी.व्ही. यांच्यामधल्या जागेत गोधडी टाकायची आणि पिंप भरेपर्यंत आसने करायची. पिंप भरत आले की पाण्याचा आवाज बदलतो, तो त्यांना कळतो. घड्याळ बघावे लागत नाही.

एकदा आम्ही सहज विचारले की, यात तुम्हाला एवढे काय मिळते? त्या म्हणाल्या, "या वीस मिनिटांत मला कुणी हाक मारत नाही."

भगिनींच्या पत्रातला खरा प्रश्न आम्हाला इथे दिसतो. कंबरेचे दुखणे आहेच, पण त्याहून मोठे दुखणे हे की, घरातल्या बाईने स्वतःसाठी वीस मिनिटे घेतली तर ती घरादाराला खटकतात. पुरुष नाक्यावर अर्धा तास उभा राहिला तर त्याला कुणी हिशेब विचारत नाही. आमच्या घरात एक नियम आहे : शवासनात पडलेल्या माणसाकडे चहा मागायचा नाही. नियम मुलांनी केला आणि तो आम्हालाही लागू आहे. भगिनींच्या यजमानांना आमचे एवढेच सांगणे की, आठ दिवस त्यांनीही शेजारी दुसरी गोधडी टाकावी. रेल्वेत अंगमेहनतीचे काम असले तरी बोटे अंगठ्याला टेकतातच असे नाही. हसणे आपोआप थांबेल.

आता शेजारणीचे म्हणणे. ते एकट्या तिचे नाही, आपल्या बऱ्याच वस्त्यांमध्ये ऐकू येते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. योग म्हटला की मंत्र आले, सोवळे आले, बाबा-महाराज आले, अशी एक धास्ती आपल्या लोकांच्या मनात आहे. ती उगीच आलेली नाही. परंतु इतिहास पाहावा. पतंजलीच्या योगसूत्रांत दोनशेच्या आसपास सूत्रे आहेत, त्यांतली आसनाविषयी जेमतेम तीन. बैठक स्थिर आणि सुखाची असावी, एवढाच त्यांचा रोख. आज आपण टी.व्ही.वर पाहतो ती उभ्याने करायची कितीतरी आसने आत्ताच्या रूपात विसाव्या शतकात रुळली. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ सालची. लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ सालचे, तिथे स्वामी कुवलयानंदांनी आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणे लावून तपासायला सुरुवात केली. सूर्यनमस्कार घरोघर नेण्याचा खटाटोप औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी केला. मैसूरच्या राजवाड्यात कृष्णम्माचार्य शिकवीत. त्यांचे शिष्य बी.के.एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले, तेव्हा ते विशीच्या आतले होते. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर अशा आजारांनी पोखरलेले शरीर त्यांनी आसनांवर उभे केले. त्यांचा 'योगदीपिका' हा मूळ इंग्रजी ग्रंथ १९६६ चा. म्हणजे ज्याला हजारो वर्षांची मिरास म्हणतात, त्यातले बरेचसे आपल्या आजोबांच्या वयाचे आहे. त्यावर कुणा एकाचा सातबारा नाही.

आणि ध्यान, श्वास यांविषयी तर आपण कुणाकडून उसने घेतो आहोत असे वाटण्याचे कारणच नाही. सिद्धार्थ गौतम गृहत्यागानंतर आळार कालामाकडे आणि उद्दक रामपुत्ताकडे ध्यान शिकले, पुढे देहदंडाचा मार्गही करून पाहिला आणि तो सोडला, हे आपल्या धम्मवर्गातल्या मुलालाही ठाऊक असते. आनापान म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहणे. प्राणायामात श्वास लांबवतात, रोखतात. आनापानात त्याला हात लावायचा नाही, फक्त लक्ष ठेवायचे. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्या घरी आसनांच्या शेवटी पाच मिनिटे हे दुसरे होते. सूर्यनमस्कार घालताना आम्ही मंत्र म्हणत नाही. मंत्र म्हटला नाही म्हणून गुडघा वाकायचा थांबत नाही, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. २१ जूनला सरकारी कचेऱ्यांत जो योग होतो, त्यावरून योगाची पारख करू नये. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला आणि २०१५ पासून हा दिवस पाळला जातो. दिवस पाळायला आमची हरकत नाही. पण परिपत्रक येते, चटया येतात, साहेबांच्या मागे रांगा लागतात, फोटो निघतो, अल्पोपहार होतो, आणि २२ जूनला सगळी मंडळी पुन्हा त्याच खुर्चीत तशीच मान खाली घालून बसतात. आमच्या कचेरीतल्या त्या चटया कपाटावर गुंडाळून ठेवल्या आहेत, वर्षातून एकदा धूळ झटकण्यासाठी. खुर्चीतल्या खुर्चीत करण्यासारखे कितीतरी असते. खांदे मागे फिरवणे, मान सावकाश डावी-उजवीकडे वळवणे, दर पाऊण तासाने उठून उभे राहणे. याला चटई लागत नाही आणि परिपत्रकही लागत नाही.

भगिनींच्या कंबरेसाठी आमच्या सहचारिणी काय करतात ते लिहितो. आम्ही वैद्य नाही, हे ध्यानात ठेवून वाचावे. आधी पाठीवर स्वस्थ पडून दोन मिनिटे. मग पवनमुक्तासन, एका वेळी एकच पाय छातीशी. मग हातापायांवर उभे राहून मांजरासारखी पाठ वर-खाली करायची, ते मार्जारासन. पोटावर पडून मकरासन आणि जमेल तितकेच भुजंगासन, कोपरे जमिनीला टेकवून केले तरी चालते. शेवटी नितंब भिंतीशी नेऊन पाय भिंतीला टेकवून वर ठेवायचे. दिवसभर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला या शेवटच्या पाच मिनिटांत जो आराम मिळतो, तो त्यांच्या तोंडूनच ऐकावा. उभ्याने करायची आसने उघड्या फरशीवर करावीत, कारण फरशीवर गोधडी सरकते. जोराने झटका देऊन खाली वाकू नये. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. पहाटेची वेळ त्यासाठीही सोयीची. दुखणे कंबरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर आसने बाजूला ठेवून पहिल्यांदा डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब असलेल्यांनी शीर्षासनाच्या आणि श्वास कोंडण्याच्या फंदात पडू नये. हर्निया असलेल्यांनी, पोटाचे ऑपरेशन झालेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी कपालभाती करू नये. आणि बी.पी.च्या, साखरेच्या गोळ्या योग सुरू केला म्हणून परस्पर बंद करू नयेत. टी.व्ही.वर कुणी काहीही सांगो. या एका चुकीच्या सल्ल्याने माणसे दवाखान्यात पोचतात.

बी.कॉम. झालेल्या माणसाला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले की, मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, म्हणजे ज्यात धाप थोडी वाढेल असा. आमची पहाटेची सावकाश आसने या खात्यात प्रामाणिकपणे जमा धरता येत नाहीत. ती सांध्यांच्या आणि मनाच्या खात्यात जातात. पण घर ते स्टेशन झपाझप पंधरा मिनिटे, संध्याकाळी तेवढीच परत, गुणिले पाच दिवस, झाली दीडशे. रिक्षाचे पैसे वाचले ते वेगळे. मुलांना रोज साठ मिनिटे हवीत, तेव्हा त्यांना संध्याकाळी खाली खेळायला हाकलावे. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असेही त्यांनी म्हटले आहे. आमची आई खिडकीचे गज धरून एका पायावर उभी राहते, मग पाय बदलते. तिचे गुडघे गेलेले आहेत, त्यामुळे वज्रासन तिच्या वाट्याला नाही. ती खुर्चीत बसून पाय सरळ करते आणि मोजते. मोजताना वीस झाले की पुढे एकवीस न म्हणता पुन्हा एक म्हणते, आणि नातवंडे मोजून हसतात.

आता टी.व्ही.

आमचे बालपण नायगावच्या बी.डी.डी. चाळीत गेले. १६० चौरस फुटांची खोली. टी.व्ही. मजल्यावर मोजक्या घरांत, तोही कृष्णधवल. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला, पण आमच्या मजल्यापर्यंत पोचायला त्याला बारा-पंधरा वर्षे लागली. १९८८ साली श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' लागे, त्यातले अशोकावरचे भाग आम्ही दुसऱ्याच्या दारात चपलांच्या ढिगाजवळ बसून पाहिले. समजले फारसे नाही. पण मागे उभे असलेले गिरणीतले काका मोठ्याने सांगत होते, "बघा रे पोरांनो, हा आपला अशोक." अर्धा कार्यक्रम पडद्यावर होता आणि अर्धा त्या काकांच्या बोलण्यात.

आज घरात एक टी.व्ही. आणि चार मोबाइल आहेत. भगिनींनी टी.व्ही. विकला तर भांडण थांबेल, पण मुले काय पुस्तके उघडतील? ती चार कोपऱ्यांत चार मोबाइल उघडतील. मग कोण काय पाहतो याचा आईबापाला पत्ताही लागायचा नाही. टी.व्ही. निदान सर्वांसमोर असतो. एकत्र पाहताना माणूस बोलतो, हसतो, एकमेकांना गप्प बसवतो. आम्ही टी.व्ही.च्या बाजूने आहोत ते एवढ्यासाठी. (दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र कोणताच पडदा दाखवू नये. जेवत नाही म्हणून मोबाइल हातात देणे ही नवी खोड सर्व वस्त्यांत शिरली आहे.)

आमच्याकडे पद्धत अशी. टी.व्ही. रात्री जेवणे आटोपल्यावर एक तास. मुलीची परीक्षा असेल तेव्हा अर्धा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवारच्या चौकटीत नावाचे आद्याक्षर लिहिलेले असते. त्या दिवशी सिनेमा त्याने निवडायचा आणि इतरांनी निमूट पाहायचा. पाळी म्हणजे पाळी, गिरणीसारखी. दुसऱ्याच्या पाळीला नाक मुरडले तर स्वतःची एक पाळी जाते. भगिनींनी हे करून पाहावे. पहिले दोन आठवडे कटकट होईल.

या पाळ्यांमुळे आमच्या घरात काय काय पाहिले गेले! मुलाच्या पाळीला मारामारीचे पुष्कळ आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'चे जुने भाग. आई 'हास्यजत्रा'ला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते आणि मग विचारते, हा काय म्हणाला? आमच्या पाळीला जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. २००० सालचा हा चित्रपट तीन तासांचा, म्हणून दोन रविवारी पाहिला. ममूटी यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, पण आमच्या आईचे सगळे लक्ष रमाबाई झालेल्या सोनाली कुलकर्णींकडे. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' मुलीने निवडला. राष्ट्रगीत सुरू होते आणि डुक्कर धरायला धावणारे ते कुटुंब जागच्या जागी थांबते, तिथे आमचा मुलगा हसला. मुलगी त्याच्यावर खेकसली. आम्ही मध्ये पडलो नाही. सिनेमा संपल्यावर मुलानेच विचारले, "शेवटी त्याने दगड आपल्याला का मारला?" त्या प्रश्नावर आमच्या घरी रात्री साडेअकरापर्यंत बोलणे चालले होते. असा प्रश्न एकट्याने मोबाइलवर पाहणाऱ्या मुलाने कुणाला विचारावा?

'जय भीम' २०२१ मध्ये आला. मूळ तमिळ, आम्ही हिंदीतून पाहिला. त्यातली पोलिस कोठडीतली मारहाण लहान मुलाने पाहण्यासारखी नाही, म्हणून मुलाला त्या दिवशी मामाकडे पाठवले होते. शेवटी ती लहान मुलगी वकिलासमोर खुर्चीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते. तो प्रसंग झाल्यावर आमची आई बोलू लागली. तिने तीस वर्षे दादरकडच्या घरांत धुणीभांडी केली. एका घरी चहा रोज मिळे, पण कप खिडकीत वेगळा ठेवलेला, आणि बसायचे जमिनीवर. खुर्चीवर बसू नको असे तिला कुणी कधी सांगितले नाही. "सांगायचीच गरज नव्हती," आई म्हणाली. ही गोष्ट आम्हाला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हती. आमची मुलगी तेव्हा पलंगावर अर्धी आडवी होती, ती उठून बसली.

सगळेच पाहणे असे जड नसते आणि नसावेही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, त्या रात्री पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र झाली तरी चाळीत एकही घर झोपले नव्हते. आमच्या घरात एक तासाचा नियम त्या दिवशी कुणाला आठवला नाही. आम्हीही आठवण करून दिली नाही.

जाहिरातींचा वेळ वाया घालवू नये, ही आमच्या मुलीची कल्पना. जाहिरात लागली की ती भिंतीला एक बोट टेकवून वृक्षासनात उभी राहते, आणि मुलगा तिला पाडायला टपलेला असतो. आम्ही वज्रासनात बसतो. जेवणानंतर चालणारे हेच एक आसन, आणि आमच्या पोटाला ते मानवते. सहचारिणी मटार सोलतात किंवा उद्याचे आहाराचे रजिस्टर पूर्ण करतात. तेव्हा त्यांना कुणी योग शिकवायला जाऊ नये. त्यांचा वेळ पहाटेचा.

येत्या रविवारची पाळी आईची आहे. तिने २००४ सालचा 'श्वास' सांगितला आहे. मुलगा म्हणतो, रडका सिनेमा आहे, मी नाही बघणार. पण आपली पाळी जाईल या भीतीने तो बसणार हे सर्वांना ठाऊक आहे. मुलगी म्हणते, सराव परीक्षा आहे, मध्यंतरापर्यंतच बघेन. आईची खुर्ची टी.व्ही.समोर आणायची म्हणजे पलंग सरकवावा लागतो, आणि ते काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले आहे.